तिन्ही एल्फ जमाती म्हणतात ‘मूळचे आम्हीच’. मग उगम ठरवायचा कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या कादंबरीतल्या काल्पनिक जगाचा नकाशा तयार आहे. एल्फ म्हणजे दंतकथांतले माणसासारखे पण दीर्घायुषी लोक. पश्चिम किनाऱ्यावर दर्यावर्दी एल्फ, मधल्या खोऱ्यात वनातले एल्फ आणि वाळवंटापलीकडे पूर्वेच्या डोंगरात तिसरी जमात. आयुर्मान ८०० वर्षं, इतिहास ७००० वर्षांचा. तिघीही स्वतःला मूळच्या म्हणवतात. तुम्ही सृष्टीच्या उत्पत्तीपासून लिहायला घेतलंत आणि लगेच अडलात, कारण एकीची कथा खरी धरली की उरलेल्या दोघी खोटारड्या ठरतात. म्हणून तुम्ही विचारलंय, ‘उगम नेमका कुठे दाखवू?’

जागा ठरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तुमचं घोडं अडलंय ते दुसरीकडे. तुम्ही उगमापासून पुढे लिहीत आलात, आणि तुमच्या जगातले एल्फ आजपासून मागे बघतायत. त्यांच्या हातात उगम नाही. गाणी, बोली, अंत्यविधी, जागांची नावं आणि जुनी भांडणं एवढंच त्यांच्याकडे आहे, आणि वाचकालाही तेवढंच मिळणार आहे. मी बरीच वर्षं टेबलटॉप खेळांसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं घेऊन खेळायच्या खेळांसाठी, जगं रचतोय, इतरांच्या जगांच्या वह्याही तपासून देतो. माझी पद्धत ठरलेली आहे. खरं काय घडलं ते एकदाच, अर्ध्या पानात, फक्त स्वतःसाठी लिहायचं. मग प्रत्येक जमातीला त्या सत्याचा एक तुकडा द्यायचा, आणि तो खराच द्यायचा. सबंध गोष्ट मात्र कुणालाच द्यायची नाही. असं केलं की कुणाला खोटं पाडावं लागत नाही.

अर्थात बरंच काही तुमच्या जगाच्या नियमांवर अवलंबून आहे. देव खरोखर हजर असतील आणि पुजाऱ्याने विचारलं की उत्तर देत असतील, तर उगम शोधण्याचा विषयच संपतो. कुणीतरी जाऊन विचारेल आणि मोकळं होईल. मग देवांनी गप्प राहण्याला काही कारण लागेल, किंवा दोन देवांचं या बाबतीत आपसात पटत नाही असं काहीतरी. शिवाय हा उगम नुसती पार्श्वभूमी असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, दोन परिच्छेदांत भागतं. तुम्ही देवांचा उल्लेख केलेला नाही, आणि तुमची नायिका वंशावळी जुळवणारी आहे असं लिहिलंय. म्हणून देव गप्प आहेत आणि उगम हा कथानकाचा भाग आहे, असं धरून चालतो.

आता आयुर्मानाकडे वळू, कारण एल्फांच्या बाबतीत सगळं गणित तिथेच बदलतं. ७००० वर्षं म्हटलं की आपल्या डोक्यात माणसांची ७००० वर्षं येतात, म्हणजे साधारण २५० पिढ्या. तुमच्या एल्फांना मुलं सरासरी दोनशेव्या वर्षी होत असतील, तर त्याच काळात त्यांच्या फक्त ३५ पिढ्या होतात. भाषा मुख्यतः एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना बदलते. लहान मूल ती नव्याने शिकतं आणि शिकताना थोडी वाकवतं. त्या हिशेबाने एल्फांची ७००० वर्षं म्हणजे माणसांची जेमतेम हजार. हजार वर्षांत काय होऊ शकतं याचा अंदाज घ्यायचा तर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीझरने गॉल (आजचा फ्रान्स) जिंकलं आणि लॅटिन तिथे रुजायला लागली, तिथून सुरुवात करा. ८४२ साली स्ट्रासबर्गला ज्या शपथा घेतल्या गेल्या, त्यांतली रोमान्स (लॅटिनमधून निघालेली) भाषा लॅटिन म्हणवण्यापलीकडे गेली होती. फ्रेंचचा सर्वांत जुना नमुना म्हणून तीच दाखवतात. म्हणजे साधारण ९०० वर्षं. तेव्हा तुमच्या तीन जमातींना एकमेकींची बोली कळू नये इतकं अंतर पडणं शक्य आहे, पण काठावर. पहिलं मूल चारशेव्या वर्षी होतं असं ठरवलंत, तर पिढ्या १७-१८ वर येतात आणि मग त्या एकमेकींना अडखळत का होईना समजून घेतील. हा आकडा आधी पक्का करा. बाकीचं त्यावर उभं राहतं.

हे गणित काटेकोर नाही, हेही सांगतो. ८०० वर्षं जगणारी आजी स्वतःच्या बोलीतही बदल करत जाईल, आणि शेजारी दुसरी भाषा असेल तर वेग वाढेल. पण कादंबरीला एवढा अंदाज पुरतो.

तेच आयुर्मान आठवणीलाही लावा. साडेसातशे वर्षांची एल्फ पन्नास वर्षांच्या नातवाला गोष्ट सांगते. तो साडेसातशेचा झाला की पुढच्याला सांगतो. एका सांगण्यात ७०० वर्षं पार पडतात, आणि ७००० वर्षांना दहाच सांगणारे लागतात. माणसांत आजोबांकडून नातवाकडे साधारण ६५ वर्षं जातात, म्हणजे दहा सांगणारे आपल्याला साडेसहाशे वर्षं मागे नेतात. तुमच्या एल्फांना आपला उगम तितकाच दूर वाटेल, जितका एखाद्या घराण्याला सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वीचा मूळपुरुष वाटतो. नाव बहुधा बरोबर राहील, गाव बरोबर असेल की नाही सांगता येत नाही, आणि घटनांचा क्रम हमखास उलटापालटा झालेला असेल.

मौखिक इतिहासाचे अभ्यासक जान व्हान्सिना यांनी आफ्रिकेतल्या परंपरा तपासताना एक गोष्ट टिपली. लोकांना अगदी सुरुवातीचं भरभरून सांगता येतं आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांचंही. मधला काळ पोकळ असतो. पिढ्या पुढे गेल्या की ती पोकळीही पुढे सरकते. नवखे लेखक वंशावळ बनवताना प्रत्येक शतकात सारखा मजकूर भरतात, आणि म्हणून ती सरकारी यादीसारखी वाटते. तुमची नायिका वंशावळी जुळवते ना? मग तिला मधली तीन-चार हजार वर्षं रिकामी सापडू द्या. तिन्ही जमातींची पोकळी वेगवेगळ्या ठिकाणी असली, तर एकीच्या आठवणीतून दुसरीची पोकळी भरता येईल. संशोधन असंच चालतं, आणि कथेलाही ते पोषक आहे.

राजे विसरले जातात, निसर्गातली उलथापालथ मात्र टिकते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्रेटर लेक नावाचं सरोवर आहे. ७७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा हा ज्वालामुखी फुटून कोसळला आणि त्या खड्ड्यात हे सरोवर झालं. तिथल्या क्लॅमाथ लोकांच्या कथेत दोन शक्तींचं युद्ध होतं आणि त्यात डोंगर आत कोसळतो. घटना खरी, पात्रं कथेची. तुम्हालाही असा एक खिळा हवा, जो तिन्ही परंपरांत वेगवेगळ्या रूपांत ठोकलेला असेल.

आणि तो खिळा तुमच्या नकाशावर आधीच आहे: वाळवंट. तुम्ही ते दोन जमातींमधला अडथळा म्हणून टाकलंत आणि सोडून दिलंत. मी तिथेच सगळा जोर लावीन. आजचा सहारा साधारण ५००० वर्षांपूर्वीपर्यंत गवताळ होता. तिथे तळी होती, त्यांत पाणघोडे होते, माणसं गुरं राखत होती. आज रखरखीत असलेल्या, अल्जीरियातल्या तासिलीच्या कातळांवर गुरांच्या कळपांची चित्रं आजही दिसतात. मग पाऊसमान बदललं आणि माणसं काठाकाठाला सरकली. तुमचं वाळवंटही ७००० वर्षांपूर्वी कुरण होतं असं धरा. मग पूर्वेच्या डोंगरातून पश्चिमेच्या खोऱ्यात जाणं हा पराक्रम ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चराईच्या मागे सरकत जाणं ठरतं. कुणी ‘महाप्रस्थान’ केलेलंच नाही. पुढे कुरण सुकलं, मधले लोक दोन्हीकडे पांगले आणि दुवा तुटला. आता वनातल्या एल्फांची कथा म्हणेल की आमच्या पूर्वजांनी अग्नीचा समुद्र चालून पार केला. डोंगरातले म्हणतील की आमची धाकटी भावंडं गवतात खेळायला गेली आणि परतलीच नाहीत. दोन्ही खरं. नायिकेला वाळवंटाच्या मधोमध एखाद्या कातळावर पोहणाऱ्या आकृती दिसल्या की तिच्या डोक्यात दोन्ही कथा जुळतील, आणि तुम्हाला एक ओळही समजावून सांगावी लागणार नाही.

आता उगम डोंगरात का धरला ते सांगतो. मूळ प्रदेश शोधण्याचा एक जुना आडाखा आहे: विविधता जिथे सर्वांत खोल, तिथे मूळ असण्याची शक्यता जास्त. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात बाराशेहून अधिक भाषा आहेत, मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या. रॉबर्ट ब्लस्ट यांच्या मांडणीप्रमाणे या कुळाच्या दहा प्रमुख शाखांपैकी नऊ एकट्या तैवानमध्ये आहेत. उरलेला सगळा पसारा एकाच दहाव्या शाखेचा. म्हणून लोक तैवानहून बाहेर पडले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कारण सोपं आहे. घर सोडणारे थोडे असतात, आणि ते घरातलं सगळं बरोबर नेत नाहीत. माणसाच्या जनुकांतही हेच दिसतं. आफ्रिकेपासून जितकं दूर जावं तितकी विविधता कमी होत जाते.

तुमच्या जगात जनुकांच्या चाचण्या नाहीत, पण कुळं आहेत. डोंगरात नऊ कुळं ठेवा, वनात त्यांपैकी चार, किनाऱ्यावर त्या चारांतली दोन. नायिकेने तीन याद्या शेजारी ठेवल्या की प्रवासाची दिशा आपोआप उघड होते. एक सावधगिरी बाळगा. डोंगरांमुळेही विविधता वाढते, कारण दोन खोऱ्यांमधलं येणंजाणं तुटतं. न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत, याला तिथला अवघड भूभागही कारण आहे. म्हणून नुसत्या बोली मोजून भागणार नाही, त्यांच्यातला फरक जुना आहे का ते बघायला हवं. हा आक्षेप वनातल्या एखाद्या खडूस विद्वानाच्या तोंडी द्या. तुमच्या नायिकेला असा विरोधक लागणारच आहे.

दिशा कळली तरी वाट कळत नाही. वाट सापडते ती रस्त्यात उचललेल्या गोष्टींवरून. आज युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांनी भारत सोडला तेव्हा कुणी रोजनिशी ठेवली नव्हती, पण त्यांच्या भाषेत फारसी, अर्मेनियन आणि ग्रीक शब्दांचे थर आहेत. सात, आठ आणि नऊ हे आकडेसुद्धा बऱ्याच रोमानी बोलींत ग्रीकमधून आलेले आहेत. एवढ्यावरून मुक्काम कळतात. शेजारी राहतात म्हणून जवळचे नातेवाईक, हे गृहीतही सोडा. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या मादागास्करमधल्या मालागासी भाषेची सर्वांत जवळची भाषाभगिनी दक्षिण बोर्निओत आहे, सबंध हिंदी महासागर ओलांडून. नॉर्वेजियन अभ्यासक ओटो डाल यांनी १९५१ मध्ये ते नातं मांडलं.

तुमच्या दर्यावर्दी एल्फांसाठी मी असं काही करीन. नवं गलबत पाण्यात लोटण्याआधी ते तळकण्याच्या खाचेत मूठभर दाणे ठेवतात आणि वरून डांबर ओततात. कुठले दाणे, तर वनातून मुद्दाम विकत आणलेलं एक राळं, जे किनाऱ्यावर उगवत नाही आणि तिथे कुणी खातही नाही. विचारलं तर म्हणतात, समुद्राला नैवेद्य. वनात तेच राळं पिकतं, पण पेरणीआधी त्याचे दाणे उंबऱ्याखाली पुरतात आणि म्हणतात, घराला नैवेद्य. डोंगरात हे गवत रानात आपसूक वाढतं. तिथे कसलाच विधी नाही; बकऱ्या चरतात. विधी जितका थाटाचा तितकी ती वस्तू मूळ जागेपासून लांब आलेली, हे वाचकाला तीन दृश्यांत कळेल. किनाऱ्यावरचा पुजारी त्या बकऱ्या बघून संतापला पाहिजे, हे तर उघडच आहे.

आता दाव्यांकडे येऊ. ‘मूळचे’ म्हणताना तिघी एकच गोष्ट म्हणत नसाव्यात. डोंगरातले म्हणतायत, आम्ही जागा सोडली नाही. वनातले म्हणतायत, या खोऱ्यात पहिलं झाड आम्ही तोडलं. दर्यावर्दी म्हणतायत, जुना विधी आम्ही मोडला नाही. तिन्ही आपापल्या परीने बरोबर. भांडण पेटतं ते या दाव्यावर काहीतरी ठरत असतं तेव्हा. वाळवंटाच्या काठच्या विहिरींचा हक्क, तहात आधी कुणी बोलायचं, सोयरिकीत कुणाचं घराणं वरचढ. प्रत्येक उगमकथेपुढे एक प्रश्न लिहून ठेवा: ही खरी ठरली तर फायदा कुणाचा? ज्या कथेतून कुणालाच काही मिळत नाही, तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

एल्फांचा विषय आहे म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या रचनेतल्या दोनच गोष्टी सांगतो, नक्कल करायला नव्हे. त्यांच्या जगात पश्चिमेच्या प्रवासाला न गेलेल्या एल्फांना ‘नकार देणारे’ म्हणतात, आणि हे नाव गेलेल्यांनी ठेवलेलं आहे. मागे राहिलेल्यांची बाजू जवळजवळ कुठेच येत नाही. फाटाफुटीची नावं नेहमी कुणा एका बाजूची असतात, तेव्हा तुमच्या तिन्ही जमातींना स्वतःने ठेवलेलं एक आणि शेजाऱ्यांनी ठेवलेलं एक अशी दोन-दोन नावं द्या. दुसरी गोष्ट, पहिल्यांदा जागे झालेले एल्फ १४४ होते, १४, ५६ आणि ७४ अशा तीन गटांत, अशी एक कथा त्यांनी लिहिली. पण ती एल्फांच्या मुलांना बारा-बाराने मोजायला शिकवणारी गोष्ट म्हणून. उगमाची सर्वांत जुनी कथा बाळांच्या तोंडी ठेवण्याची ही युक्ती फार उपयोगी आहे. राजपुरोहित आपल्या ग्रंथात फेरफार करतात; अंगाईत फेरफार करण्याचं कुणाला सुचत नाही.

एक जागा मात्र तुमच्या आराखड्यात रिकामी दिसते: माणसं. तुमच्या जगात ती आहेत, पण एल्फांच्या इतिहासात त्यांचं काहीच काम नाही. एल्फांची आठवण लांबलचक आहे म्हणूनच त्यांना लिहून ठेवण्याची घाई नसते. माणूस साठ-सत्तर वर्षांत जातो, त्यामुळे तो जकात, सीमा आणि कर्ज नोंदवतो. ४००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या एखाद्या जकातनोंदीत ‘डोंगरवाल्यांकडून वनवाल्यांना मीठ, गवताळ वाटेने’ एवढी ओळ सापडली, तर ती कुठल्याही एल्फ राजकवीपेक्षा वजनदार पुरावा ठरेल. शिवाय वाळवंट त्या नोंदीनंतरच झालं, हेही तिच्यावरून कळेल. एल्फांना हा पुरावा अपमानास्पद वाटावा, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे आतापर्यंत तुमचं अर्ध पान असं होतं: ७००० वर्षांपूर्वी डोंगरात नऊ कुळं. पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत चार कुळं कुरणातून पश्चिमेकडे सरकली आणि खोऱ्यात स्थिरावली. त्यांतली दोन पुढे किनाऱ्याला गेली. साधारण ३५०० वर्षांपूर्वी कुरण सुकलं आणि डोंगराशी संबंध तुटला. याहून जास्त सत्य लिहू नका. पहिली नऊ कुळं डोंगरात आली कुठून, हे तर अजिबातच नको. डोंगरातल्यांना वाटतं ते दगडातून उगवले, वाटू द्या.

शेवटी तुम्ही विचारलंत, जमिनीखाली राहणारे काळे एल्फ चौथी जमात म्हणून घालू का. ही कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन यांनी उजळ एल्फ आणि भूमिगत, डांबराहून काळे एल्फ असा भेद लिहिला, आणि ते काळे एल्फ म्हणजे खरं तर खुजेच (ड्वार्फ) असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पुढे खेळांनी त्याचं एक ठरीव रूप करून टाकलं. फक्त रिवाज म्हणून घालणार असाल तर वगळा. घालायचेच असतील तर त्यांची कुळं आधी ठरवा. ती नऊंतलीच असतील, तर ते इतरांसारखेच डोंगरातून उतरले, फक्त खालच्या दिशेने, आणि तुमचा आराखडा तसाच राहतो. त्यांच्याकडे दहावं कुळ निघालं, तर मात्र ते पहिल्या फुटीच्याही आधीचे ठरतात, आणि डोंगरातल्या लोकांचा ‘आम्ही जागा सोडली नाही’ हा दावा मुळापासून तपासावा लागतो. पहिल्या भागात ते ओझं झेपायचं नाही. दहाव्या कुळाचं नाव एखाद्या अंगाईत येऊन जाऊ द्या आणि बाकीचं दुसऱ्या भागासाठी राखून ठेवा.